भरती परीक्षांसाठी सामान्य ज्ञानाचा सराव: जुन्या पेपरपासून उत्तरतालिकेपर्यंत

सामान्य ज्ञानाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की बहुतेकांचा अभ्यास सिंधू संस्कृतीतच घुटमळतो. प्राचीन भारत चारदा वाचून होतो आणि पंचायत राज, विज्ञान, अर्थव्यवस्था परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडली जाते. या विषयाला तळ नाही, त्यामुळे तो पेपरच्या बाजूने धरावा लागतो. आधी प्रश्न, मग त्याला लागेल तेवढंच पान, मग वही आणि मग परत प्रश्न. पोलीस भरती, तलाठीसारख्या सरळसेवा परीक्षा, राज्य लोकसेवा आयोगाची गट-ब व गट-क संयुक्त पूर्व आणि केंद्राच्या एसएससी (कर्मचारी निवड आयोग) व रेल्वे परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत मांडली आहे.

सुरुवात गुणांच्या हिशेबाने

पोलीस शिपाई भरतीचा लेखी पेपर १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं असा असतो. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान व चालू घडामोडी हे चार भाग, आणि निगेटिव्ह (चुकीला गुण वजा) नाही. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांना २०० गुण आणि दोन तास होते, त्यात सामान्य ज्ञानाचे २५ प्रश्न म्हणजे ५० गुण. संयुक्त पूर्वमध्ये एका तासात १०० प्रश्न सोडवायचे आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अंकगणित-बुद्धिमत्ता सोडली तर तो अख्खा पेपर सामान्य ज्ञानाचाच. एसएससीच्या सीजीएल या पदवीस्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात सामान्य ज्ञानाचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी, चुकीला अर्धा गुण वजा. रेल्वे एनटीपीसीच्या (बिगर-तांत्रिक पदांची परीक्षा) पहिल्या टप्प्यात १०० पैकी ४० प्रश्न सामान्य ज्ञानाचे, चुकीला एक तृतीयांश गुण वजा. रेल्वे ग्रुप डीमध्ये सामान्य विज्ञानाचे २५ आणि सामान्य ज्ञान-चालू घडामोडींचे २० प्रश्न वेगवेगळे येतात.

हे आकडे जाहिरातीगणिक बदलू शकतात, म्हणून आपल्या जाहिरातीतलं गुणपद्धतीचं पान छापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. त्यावरच किती वेळ द्यायचा ते ठरतं. पोलीस भरतीला सामान्य ज्ञानावर रोज सव्वा ते दीड तास पुरतो. संयुक्त पूर्वला चार तासही कमी पडतात. एकाच वेळी तीन परीक्षांचे फॉर्म भरणाऱ्यांनी कोणती परीक्षा मुख्य ते ठरवून घ्यावं. राज्याच्या पेपरला महाराष्ट्राचा भूगोल आणि समाजसुधारक लागतात, तर रेल्वेला दहावीपर्यंतचं विज्ञान आणि देशपातळीवरची माहिती. दोन्हीकडे अर्धं-अर्धं लक्ष दिलं की दोन्हीकडचा कट-ऑफ तीन-चार गुणांनी हुकतो.

रेल्वे आणि एसएससी जीडीच्या (केंद्रीय दलांतली शिपाई भरती) परीक्षा मराठीतूनही देता येतात. भाषांतर कधीकधी अवघडलेलं असतं, तेव्हा शंका आली की त्याच प्रश्नाचा इंग्रजी पाठ पाहायची सवय सराव पेपरपासूनच लावावी.

पहिले चार दिवस: जुने पेपर कापायचे

किमान दहा जुने पेपर घ्या. पोलीस भरती असेल तर ज्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलासाठी फॉर्म भरलाय तिथले सगळे मिळतील तेवढे आणि बाकीचे शेजारच्या जिल्ह्यांचे. तिथे जिल्हानिहाय पेपर निघत आले आहेत, त्यामुळे त्या जिल्ह्याचे तालुके, नद्या, किल्ले, तिथला स्वातंत्र्यलढा यांवर हमखास दोन-तीन प्रश्न पडतात. तलाठी किंवा रेल्वेसारख्या अनेक शिफ्टमध्ये झालेल्या परीक्षेचे निरनिराळ्या शिफ्टचे पेपर घ्या, कारण एका शिफ्टमधला विषय दुसरीत थोड्या फरकाने पुन्हा येतो.

हे पेपर आत्ता सोडवायचे नाहीत, त्यांची फोड करायची. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: घटक, किती वेळा आला, कसा विचारला. ‘कसा विचारला’ म्हणजे सरळ प्रश्न, जोड्या लावा, योग्य विधान, अयोग्य विधान की कालक्रम. दहा पेपरमध्ये पाच किंवा जास्त वेळा आलेला घटक पहिल्या गठ्ठ्यात, दोन ते चार वेळा आलेला दुसऱ्या गठ्ठ्यात. एकदाच आलेल्याकडे सध्या बघायचंच नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण तयार विश्लेषणाची पीडीएफ उतरवून घेतात. पण हाताने खुणा करताना प्रश्न काढणाऱ्याचा कल जसा लक्षात येतो तसा तयार तक्त्यावरून येत नाही.

जुन्या पेपरमध्ये एक धोका आहे, तो म्हणजे शिळी उत्तरं. राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांची संख्याच पाहा. २ जून २०१४ला तेलंगणा झालं तेव्हा २९ राज्यं व ७ केंद्रशासित प्रदेश झाले. ३१ ऑक्टोबर २०१९ला जम्मू-काश्मीरचं विभाजन झाल्यावर २८ व ९, आणि २६ जानेवारी २०२०ला दादरा-नगर हवेली व दमण-दीव एकत्र झाल्यावर २८ व ८. महाराष्ट्राचे जिल्हे १ ऑगस्ट २०१४ला पालघर झाल्यावर ३६ झाले, त्याआधीच्या पेपरात ३५ बरोबर होतं. थेट जनतेतून सरपंच निवड २०१७मध्ये आली, २०२०मध्ये रद्द झाली, २०२२मध्ये परत आली. भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२चं १०३ झालं आणि फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं. पोलीस भरतीचा जुना संच तसाच पाठ करणाऱ्यांचे गुण इथेच जातात. भारताच्या किनाऱ्याची ७,५१६ किमी ही पिढ्यान्‌पिढ्यांची पाठ संख्याही नव्या मोजणीत ११,०९८ किमी झाली आहे. म्हणून पेपर कापतानाच प्रत्येक ‘बदलू शकणाऱ्या’ उत्तरासमोर पेन्सिलने फुली मारा आणि ती उत्तरं ताज्या स्रोतातून पडताळा.

एक प्रश्न, चार नोंदी

सरावाचा गाभा हाच आहे, म्हणून जरा थांबून पाहू. समजा प्रश्न असा आहे:

कराड–चिपळूण मार्गावर कोणता घाट लागतो? १) आंबा २) कुंभार्ली ३) वरंध ४) फोंडा

उत्तर कुंभार्ली. बहुतेक जण इथे बरोबरची खूण करून पुढे सरकतात. पण बाकीचे तीन पर्याय पेपर काढणाऱ्याने उगाच टाकलेले नाहीत. पुढच्या पेपरात त्यातलाच एखादा उत्तर होऊन येतो. तेव्हा चारही सोडवा. आंबा घाट कोल्हापूर–रत्नागिरी, वरंध भोर–महाड, फोंडा राधानगरी-दाजीपूरकडून कणकवलीकडे उतरणारा. मग त्या कुटुंबातले उरलेले जोडा: थळ म्हणजे कसारा घाट मुंबई–नाशिक, माळशेज कल्याण–आळेफाटा, बोर मुंबई–पुणे, ताम्हिणी मुळशी–माणगाव, खंबाटकी पुणे–सातारा, आंबोली सावंतवाडी–बेळगाव. शेवटी ‘उत्तरेकडून दक्षिणेकडे’ हा ठरलेला प्रकार तयार करा: थळ, माळशेज, बोर, ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. यात खंबाटकी नाही, कारण तो कोकणात उतरत नाही. हा फरकही प्रश्न होऊ शकतो.

एका प्रश्नाला असे आठ-दहा मिनिटं जातात. पहिल्या आठवड्यात दिवसाला जेमतेम दहा-बारा प्रश्न होतील आणि शेजारी बसलेला अभ्यासिकेतला मित्र तोवर दोनशे वन लायनर वाचून मोकळा झालेला असेल. होऊ द्या. तिसऱ्या आठवड्यापासून तुमचे प्रश्न आपोआप वेगाने सुटायला लागतात, कारण पर्यायांत तीच ती नावं फिरत असतात.

चार पर्याय सोडवताना जवळच्या जोड्या विशेष टिपा, कारण चुका तिथेच होतात. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा आणि व्याघ्र प्रकल्पही सहा. उद्यानं: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी, चांदोली. व्याघ्र प्रकल्प: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा, बोर. गुगामल उद्यान मेळघाट प्रकल्पात येतं, चांदोली सह्याद्रीत. संजय गांधी उद्यान कुठल्याच व्याघ्र प्रकल्पात नाही, आणि बोर हा व्याघ्र प्रकल्प असला तरी राष्ट्रीय उद्यान नाही. घाटातला बोर वेगळा, वर्ध्याकडचा बोर वेगळा, हेही लिहून ठेवा.

वही कशी ठेवायची

दोनशे पानी साधी वही घ्या. प्रत्येक पान मधोमध उभं दुमडा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे फक्त उत्तर. उजळणी करताना पान दुमडून उजवी बाजू झाकायची, उत्तर तोंडाने म्हणायचं, मग उघडून पाहायचं. नुसतं वाचून झालेली उजळणी फसवी असते. ओळ डोळ्यांना ओळखीची वाटते आणि मेंदू ‘येतंय’ असा निर्वाळा देतो. परीक्षेत मात्र वर्ष आठवायचं असतं.

दिवसाला नव्या नोंदी तीसच. उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी. तीन आठवड्यांनी गाडी पूर्ण भरली की रोज १२० नोंदी उजळायच्या येतात. एका नोंदीला २० सेकंद धरले तरी ४० मिनिटं झाली. हा बोजा पेलतो. उत्साहात रोज साठ नोंदी लिहिल्या तर उजळणीलाच ८० मिनिटं लागतात. मग तिसऱ्या आठवड्यात उजळणी बुडते आणि वही नुसतीच जाड होते.

उजळणीत चुकलेल्या नोंदीसमोर लाल ठिपका द्या. तीन ठिपके पडले की ती नोंद लिहिण्यातच गफलत आहे असं समजा. बहुधा एका ओळीत दोन गोष्टी कोंबलेल्या असतात किंवा जवळच्या दुसऱ्या नोंदीशी घोळ होत असतो. अशा दोन नोंदी शेजारी-शेजारी लिहून त्यांच्यातला फरक एका वाक्यात लिहा. २४ सप्टेंबर ही तारीख घ्या: १८७३ला सत्यशोधक समाजाची स्थापना, १९३२ला पुणे करार. तारीख तीच, वर्षं निराळी.

व्यक्ती, पदं, दर, क्रमवारी, एकूण संख्या अशा बदलत्या गोष्टी पेन्सिलने आणि शेजारी महिना-वर्ष घालून लिहा. महाराष्ट्रातली रामसर स्थळं नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी ही नावं पेनाने चालतील, पण देशातली एकूण संख्या पेन्सिलनेच.

स्रोत: कमी ठेवा, भांडण मिटवून ठेवा

पाया बालभारतीच्या इयत्ता पाचवी ते दहावीच्या इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल आणि विज्ञानाच्या पुस्तकांचा. ती संकेतस्थळावर मोफत मिळतात. त्यावर एखादं सर्वसमावेशक पुस्तक आणि त्या वर्षीची महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, जी दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाआधी मांडली जाते. एवढं पुरे. व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर फिरणाऱ्या ‘अतिमहत्त्वाचे १००० प्रश्न’ छापाच्या पीडीएफमध्ये चुकीची उत्तरं एकमेकांची नक्कल करून वर्षानुवर्षं जगतात. भारताचा राष्ट्रीय खेळ हॉकी, भारताची राष्ट्रभाषा हिंदी ही त्यातली ठळक उदाहरणं. सरकारने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही आणि अनुच्छेद ३४३ हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणतो, राष्ट्रभाषा नव्हे.

दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले की बरेच जण गोंधळून दोन्ही पाठ करतात. त्यामागचं कारण शोधा. २०११च्या जनगणनेत हा घोळ सर्वात जास्त आहे, कारण तात्पुरते आकडे आधी आले आणि अंतिम नंतर. भारताची साक्षरता तात्पुरती ७४.०४ टक्के, अंतिम सुमारे ७३ टक्के. लिंग-गुणोत्तर आधी ९४०, अंतिम ९४३. महाराष्ट्राची साक्षरता ८२.९१ची ८२.३४ झाली आणि लिंग-गुणोत्तर ९२५चं ९२९. वहीत अंतिम आकडा लिहा, कंसात तात्पुरता. पेपरात पर्यायांमध्ये दोन्ही असतील तर अंतिम निवडा, फक्त तात्पुरता असेल तर तोच उत्तर.

विषयवार कुठे घाम गाळायचा

भूगोल नकाशावरच करायचा. महाराष्ट्राचा कोरा नकाशा दहा-बारा प्रती छापून घ्या आणि एका प्रतीवर एकच थर भरा: विभाग-जिल्हे, नद्या, धरणं, घाट, शेजारची राज्यं, अभयारण्यं. जिल्ह्यांच्या थरात जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून आणि कधी निघाला तेही लिहा. १ मे १९६०ला राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, नंतर दहा वाढले: रत्नागिरीतून सिंधुदुर्ग आणि औरंगाबादमधून जालना (१९८१), उस्मानाबादमधून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली (१९८२), मुंबई उपनगर (१९९०), अकोल्यातून वाशीम आणि धुळ्यातून नंदुरबार (१९९८), परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया (१९९९), ठाण्यातून पालघर (२०१४). यातली काही नावं आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर अशी झाली आहेत. जुनं-नवं दोन्ही माहीत हवं, कारण जलाशय आणि शिखरांच्या प्रश्नांत जिल्ह्याचं नवं नाव येतं. कळसूबाई (१,६४६ मीटर) अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. साल्हेर (१,५६७ मीटर) नाशिक जिल्हा. धरणांना चार गोष्टींची साखळी लावा: धरण, नदी, जलाशय, जिल्हा. जायकवाडी–गोदावरी–नाथसागर, कोयना–कोयना–शिवसागर, उजनी–भीमा–यशवंतसागर. भंडारदऱ्याला विल्सन धरण म्हणतात आणि जलाशयाला ऑर्थर लेक, नदी प्रवरा. विल्सन आणि ऑर्थर यांची अदलाबदल हा पेपर काढणाऱ्यांचा आवडता सापळा.

इतिहासात महाराष्ट्रातले समाजसुधारक आणि १८८५ ते १९४७ हा काळ सर्वाधिक गुण देतो. वृत्तपत्रांत पहिला संपादक कोण हे नीट पाहा. केसरी आणि मराठा ही दोन्ही १८८१ची. मराठी केसरीचे पहिले संपादक आगरकर आणि इंग्रजी मराठाचे टिळक. सवयीने सगळे केसरीसमोर टिळक लिहितात. दर्पण १८३२, बाळशास्त्री जांभेकर. दीनबंधू १८७७, कृष्णराव भालेकर. सुधारक १८८८, आगरकर. मूकनायक १९२०, संस्थापक डॉ. आंबेडकर. कालक्रमाच्या प्रश्नांसाठी खुंट्या ठोकून घ्या. १७९३, १८१३, १८३३, १८५३ हे सनदी कायदे दर वीस वर्षांनी आले, मग १८५८, १८६१, १८९२, १९०९, १९१९, १९३५. मधली घटना कोणत्या दोन खुंट्यांमध्ये बसते एवढं आठवलं तरी दोन पर्याय उडतात.

राज्यघटनेत सगळी कलमं पाठ करण्यात अर्थ नाही. जोडीने येणारी करा: वित्त आयोग २८० आणि राज्य वित्त आयोग २४३-आय, निवडणूक आयोग ३२४ आणि राज्य निवडणूक आयोग २४३-के, महान्यायवादी ७६ आणि महाधिवक्ता १६५. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभेच्या मात्र भारताचा निवडणूक आयोग घेतो. ७३वी दुरुस्ती, अकरावी अनुसूची, २९ विषय. ७४वी, बारावी अनुसूची, १८ विषय. राजीनाम्यांची शिडी हमखास येते: उपसरपंच सरपंचाकडे, सरपंच पंचायत समितीच्या सभापतीकडे, सभापती जिल्हा परिषद अध्यक्षाकडे, अध्यक्ष विभागीय आयुक्तांकडे. राज्याचे आकडे थोडेच आहेत: विधानसभा २८८, विधान परिषद ७८ (विधानसभेकडून ३०, स्थानिक संस्था २२, पदवीधर ७, शिक्षक ७, राज्यपालनियुक्त १२), लोकसभा ४८, राज्यसभा १९. जिल्हे ३६ असले तरी जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबईच्या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही.

विज्ञान दुर्लक्षित राहतं, खरं तर तिथले गुण सर्वात स्वस्त. तीन तक्ते करा: जीवनसत्त्व–रासायनिक नाव–अभावाचा रोग, रोग–कारक–प्रसार, राशी–एकक–मोजण्याचं उपकरण. दुसऱ्या तक्त्यात ‘कारक’ आणि ‘वाहक’ वेगळे ठेवा. हिवतापाचा कारक प्लाझमोडियम हा आदिजीव, वाहक ॲनॉफिलिसची मादी. डेंग्यूचा कारक विषाणू, वाहक एडिस डास. ‘हिवताप कशामुळे होतो’ याला डास हे उत्तर देऊन गुण घालवणारे प्रत्येक परीक्षेत असतात.

अर्थव्यवस्थेत स्थापना आणि राष्ट्रीयीकरण यांची गल्लत टाळा. रिझर्व्ह बँक स्थापना १ एप्रिल १९३५, राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९४९. चौदा बँका १९ जुलै १९६९, आणखी सहा १५ एप्रिल १९८०. बाकी आर्थिक पाहणीतली राज्याची दोन पानं आणि चालू योजना.

चालू घडामोडी: बातमीला शेपूट लावा

परीक्षेआधीचे दहा-बारा महिने धरा, त्यातही शेवटचे सहा जास्त बारकाईने. रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. रोज फक्त मथळे टिपा आणि महिन्याच्या शेवटी एक बैठक मारून गाळणी लावा. नेमणूक, पुरस्कार, क्रीडा, योजना, निर्देशांक, ‘पहिला’ किंवा ‘सर्वात’ असं काही, आणि ठिकाण. या सातांत न बसणारी बातमी कितीही गाजलेली असली तरी सोडा. राजकीय आरोप-प्रत्यारोपांवर प्रश्न येत नाहीत.

मग उरलेल्या प्रत्येक बातमीला स्थिर माहितीचं शेपूट लावा. जुलै २०२५मध्ये ‘मराठा लष्करी स्थापत्य’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. नुसती ही ओळ लिहिली तर एकच प्रश्न सुटेल. शेपूट असं: एकूण १२ किल्ले, ११ महाराष्ट्रात, बारावा जिंजी तमिळनाडूत. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. यांतले बेटांवरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. जागतिक वारसा समितीचं ४७वं अधिवेशन पॅरिसला झालं. भारताचं हे ४४वं स्थळ, ४३वं आसाममधले मोईदाम (२०२४). मग महाराष्ट्रातली आधीची: अजिंठा व वेरूळ १९८३, घारापुरी १९८७, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४, पश्चिम घाट २०१२ (राज्यातली कास, कोयना, चांदोली, राधानगरी), मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती २०१८. सिंहगड यादीत नाही, आणि ‘यादीत नसलेला किल्ला ओळखा’ या प्रश्नात तोच असणार.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचं शेपूट म्हणजे सोबतच्या भाषा पाली, प्राकृत, आसामी, बंगाली आणि आता एकूण अकरा.

सराव पेपर आणि तुक्क्याचा हिशेब

पहिला पूर्ण पेपर महिन्याभराने. त्यानंतर आठवड्याला एक, शेवटच्या महिन्यात आठवड्याला तीन. वेळ घड्याळ लावून, ओएमआर (गोल भरायची उत्तरपत्रिका) असेल तर काळ्या पेनाने गोल भरूनच. संयुक्त पूर्वमध्ये प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात, पोलीस भरतीत ५४. सामान्य ज्ञानाचा सरळ प्रश्न २० सेकंदांत संपला पाहिजे, तरच गणिताला वेळ उरतो. आठवत नाही म्हणून दोन मिनिटं छताकडे बघत बसल्याने उत्तर येत नाही.

सोडवताना प्रत्येक प्रश्नासमोर खूण करा: पक्कं असेल तर ‘प’, दोन पर्यायांत अडकलं तर ‘२’, तीनांत अडकलं तर ‘३’, काहीच माहीत नसेल तर ‘०’. पेपर तपासल्यावर प्रत्येक खुणेचे किती बरोबर आले ते मोजा. पाव गुण कापणाऱ्या परीक्षेत पाचपैकी एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर तुक्का फायद्याचा. एक तृतीयांश कापणाऱ्या रेल्वेत चारपैकी एकापेक्षा जास्त हवेत. दोन पर्याय उडवून लावलेला अंदाज सरासरीने पाव गुण कपातीत प्रश्नामागे ०.३७५ गुण देतो आणि रेल्वेत ०.३३. रेल्वेत चारही पर्याय अंधारात असताना लावलेला अंदाज सरासरीने शून्य देतो, म्हणजे नुसती वेळेची नासाडी. हा हिशेब आंधळ्या तुक्क्याचा झाला. प्रत्यक्षात ‘असंच काहीतरी वाचलंय’ म्हणून लावलेलं उत्तर बऱ्याचदा सापळाच असतो, म्हणून स्वतःचा आकडा चार-पाच पेपरमधून काढूनच धोरण ठरवा. पोलीस भरतीसारख्या निगेटिव्ह नसलेल्या पेपरात एकही गोल रिकामा सोडू नका.

‘प’ लिहून चुकलेले प्रश्न सर्वात धोक्याचे. त्यांची कारणं तीनच निघतात: माहिती चुकीची शिकलेली, जवळच्या जोडीचा घोळ, किंवा ‘अयोग्य’, ‘नाही’, ‘वगळता’ हा शब्द नजरेतून सुटलेला. तिसऱ्यावर उपाय सोपा आहे. प्रश्न वाचताना त्या शब्दाला गोल करा. संगणकावर असाल तर कच्च्या कागदावर प्रश्न क्रमांकापुढे ‘X’ लिहा. जोड्या लावा प्रकारात पहिल्या जोडीपासून सुरू न करता सर्वात खात्रीची जोडी पकडा, बहुतेक वेळा तिच्यावरच दोन पर्याय बाद होतात.

शेवटचे पंधरा दिवस नवं काही नाही. लाल ठिपक्यांची पानं, पेन्सिलच्या नोंदी ताज्या करणं, सहा नकाशे कोऱ्या कागदावर आठवणीने भरणं आणि चालू घडामोडींची शेपटं. या काळात कोणी ‘हे हमखास येणार’ म्हणून नवा संच पाठवला तर उघडू नका.

पेपर दिल्यानंतर

घरी येऊन आठवतील तेवढे प्रश्न त्याच दिवशी लिहा. संगणकावरच्या परीक्षांत पहिली उत्तरतालिका आणि तुमची उत्तरपत्रिका मोजकेच दिवस उपलब्ध असते, ती आली की लगेच उतरवून ठेवा, नंतर दुवा बंद होतो. तुमचं बरोबर आणि तालिकेचं चूक वाटत असेल तर हरकत घ्या. बऱ्याच ठिकाणी प्रश्नामागे शुल्क असतं, रेल्वेत हरकत मान्य झाली तर ते परत मिळतं. हरकतीला पुरावा म्हणून गाइड किंवा मोबाइलवरचा फोटो चालवू नका. पाठ्यपुस्तकाचं पान, शासन निर्णय, राजपत्र किंवा अहवालाचं पान जोडा, मुखपृष्ठ आणि पान क्रमांकासह, आणि संबंधित ओळ अधोरेखित करा. मजकूर तीन ओळींत: प्रश्न क्रमांक व संच, तालिकेतलं उत्तर, तुमच्या मते उत्तर व कारण. जनगणनेच्या तात्पुरत्या-अंतिम आकड्यांसारखा दुहेरी उत्तराचा प्रश्न असेल तर दोन्ही आकड्यांचा पुरावा देऊन प्रश्न रद्द करण्याची मागणी करता येते. प्रश्न रद्द झाला तर त्याचे गुण कसे धरणार हे त्या परीक्षेच्या सूचनांत लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, कारण तुमचं उत्तर तालिकेप्रमाणे बरोबरच असेल तर रद्द करण्याच्या मागणीत तुमचाच गुण जाऊ शकतो.